मावा किती आणि मित्र किती? किडीचा उद्रेक समजून घेणारा गणिताचा पाठ



सहावीच्या गणितात गुणोत्तर आलं की एखादं तरी मूल विचारतंच, "बाई, याचा उपयोग काय?" मग आपण दूध-पाण्याचं किंवा वह्या-पेनांचं उदाहरण देतो. मुलं ते सोडवतात आणि विसरतात. सांगली-साताऱ्याच्या मुलांसाठी मात्र गुणोत्तराचं एक उदाहरण थेट घराच्या मागे, फडात आणि बांधावर उभं आहे. ते म्हणजे किडीचा उद्रेक.

"कालपर्यंत काही नव्हतं, आज सगळं पान पांढरं!" हे वाक्य आपण गावात किती वेळा ऐकतो. खरंच कीड एका रात्रीत येते का? आली तर किती वाढेल? कधी ओसरेल? फवारावं की थांबावं? हे प्रश्न शेतीचे वाटतात, पण त्यांच्या पोटात गणित आहे. आजच्या पाठात हे गणित आपण ज्वारी आणि हरभऱ्याच्या दाण्यांनी मांडणार आहोत.

इयत्ता: ५ वी ते ७ वी
वेळ: दोन तासिका
साहित्य (प्रत्येक गटाला): ज्वारीचे दीडशे दाणे, हरभऱ्याचे १३० दाणे, खडू, कागद. (शेंगदाणे नकोत, खेळ संपायच्या आत तेच संपतात!)

आधी आपल्याच जिल्ह्याची गोष्ट

ऊसपट्ट्यातल्या पालकांना २००२ साल आठवत असेल. त्या वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी, कापूस चिकटवल्यासारखी कीड मोठ्या प्रमाणावर दिसली. हाच तो लोकरी मावा. शास्त्रीय नाव सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा. जावा बेटावरून या किडीची नोंद १८९७ सालीच झालेली होती. भारतात पश्चिम बंगालमध्ये ती १९५८ साली नोंदली गेली. आपल्या उसाला मात्र ती नवी होती. सांगलीतून ती शेजारच्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकात पसरली, पुढे दक्षिणेकडच्या इतर राज्यांतही पोहोचली.

मावा पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो. त्याच्या अंगातून गोड चिकटा बाहेर पडतो, तो खालच्या पानांवर सांडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पान काळं पडलं की ऊन मिळूनही त्याला अन्न नीट तयार करता येत नाही. उसाची वाढ खुंटते, साखर उतारा घटतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते. त्यामुळे एक मादी पोहोचली तरी वसाहत सुरू होते.

सुरुवातीला भर होता तो फवारणीवर. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. औषध वरून पडतं, मावा पानाखाली असतो, आणि फवारणाऱ्या माणसाच्या अंगावरही औषध येतं.

याच काळात माव्याला खाणारे कीटकही शेतात दिसू लागले. डायफा ॲफिडिव्होरा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या वसाहतीतच राहून त्याचा फडशा पाडते. मायक्रोमस इगोरोटस हा नाजूक जाळीदार पंखांचा कीटक अळी असतानाही मावा खातो आणि मोठा झाल्यावरही. या मित्रकीटकांच्या अळ्या आणि कोष फडात सोडण्याची शिफारस झाली. डायफाच्या हेक्टरी १००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २५००, असे आकडे शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. जिथे मित्रकीटक भरपूर होते, तिथली पानं आणून दुसऱ्या फडात लावली गेली. मित्रकीटक वाढले तसा पुढच्या काही वर्षांत लोकरी मावा आटोक्यात आला.

आता मुलांना विचारा: डायफाच्या हजार अळ्या आणि मावा तर कोट्यवधी. मग हजारांनी कोट्यवधींना कसं आवरलं? इथे दोन मिनिटं वर्ग शांत होतो. मग दाणे काढायचे.

प्रतिमान म्हणजे काय?

नकाशा म्हणजे गाव नव्हे, पण नकाशा पाहून गावात वाट सापडते. गणिती प्रतिमान (ज्याला आपण मॉडेल म्हणतो) तसंच असतं. खऱ्या फडातल्या हजार गोष्टींपैकी दोन-तीन महत्त्वाच्या गोष्टी उचलायच्या, त्यांचे नियम ठरवायचे आणि पुढे काय होतं ते मोजायचं.

आपले नियम तीन:
१. प्रत्येक फेरीत मावा दुप्पट होतो.
२. दुप्पट झाल्यावर प्रत्येक मित्रकीटक एक दाणा मावा खातो.
३. पोटभर मिळालं की मित्रकीटकही पुढच्या फेरीत दुप्पट होतात.

ज्वारीचा दाणा म्हणजे मावा, हरभरा म्हणजे मित्रकीटक. एक दाणा म्हणजे एक मावा असं समजू नका, एक मोठा पुंजका समजा. एक फेरी म्हणजे किती दिवस, हेही आपण ठरवलेलं नाही. हे आकडे शेतात मोजलेले नाहीत, खेळासाठी घेतलेले आहेत. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगा.

कृती १ : मित्र नसताना

४ दाणे ज्वारी घ्या आणि फक्त पहिला नियम लावा. ४, ८, १६, ३२, ६४, १२८... सहाव्या फेरीत गटाजवळची ज्वारी संपते. पुढचं कागदावर लिहा: २५६, ५१२, १०२४. आठ फेऱ्यांत चाराचे हजारावर!

इथे थांबून विचारा: "शेतकऱ्याला मावा कधी दिसला असेल?" चार दाणे अख्ख्या फडात कोणाला दिसणार? आठ, सोळाही दिसत नाहीत. पाचव्या-सहाव्या फेरीत दिसतो आणि मग आपण म्हणतो, "एका रात्रीत आला." तो एका रात्रीत आलेला नसतो. दुपटीने वाढणारी गोष्ट बराच काळ नजरेआड राहते आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत डोळ्यांत भरते. उद्रेकाचं हे पहिलं गणित.

कृती २ : मित्र असताना

आता ४ दाणे ज्वारी आणि १ हरभरा. तिन्ही नियम लावा. पहिल्या फेरीत ज्वारी ८ होते, एक दाणा खाल्ला जातो, उरतात ७. हरभऱ्याचे होतात २. पुढची फेरी: १४ वजा २ म्हणजे १२, हरभरे ४. असंच पुढे. मुलांनी तक्ता स्वतः भरायचा आहे. आपल्या सोयीसाठी उत्तर इथे देते.

| फेरी | ज्वारी (मावा) | हरभरे (मित्र) | एका मित्रामागे मावा |
|---|---|---|---|
| सुरुवात | ४ | १ | ४ |
| १ | ७ | २ | ३.५ |
| २ | १२ | ४ | ३ |
| ३ | २० | ८ | २.५ |
| ४ | ३२ | १६ | २ |
| ५ | ४८ | ३२ | १.५ |
| ६ | ६४ | ६४ | १ |
| ७ | ६४ | १२८ | ०.५ |
| ८ | ० | – | ० |

आठव्या फेरीत ६४ चे १२८ होतात आणि १२८ मित्र ते सगळे खाऊन टाकतात. ज्वारीची जागा रिकामी! या क्षणी वर्गात टाळ्या पडतात.

पण खरी गंमत शेवटच्या रकान्यात आहे. तो मुलांना शेवटी भरायला लावा. मावा सहाव्या फेरीपर्यंत वाढतोच आहे: ४, ७, १२, २०, ३२, ४८, ६४. नुसता दुसरा रकाना पाहिला तर छाती दडपते. शेवटचा रकाना मात्र पहिल्या फेरीपासून सरळ उतरतो आहे, दर फेरीला अर्ध्याने. चार, साडेतीन, तीन, अडीच, दोन, दीड, एक, अर्धा, शून्य.

हेच गुणोत्तर. हजारांनी कोट्यवधींना कसं आवरलं, याचं उत्तर इथे आहे. मित्र संख्येने कमी असले तरी चालतं, ते वाढत असले पाहिजेत आणि एका मित्रामागचा मावा घटत असला पाहिजे. पाचव्या फेरीत फड पांढरा दिसतो, घरात काळजीचं वातावरण असतं, पण गुणोत्तर सांगतं की अजून तीन फेऱ्या, आणि संपलं.

कृती ३ : फवारणी केली तर?

पुन्हा पाचव्या फेरीवर या. ज्वारी ४८, हरभरे ३२. समजा इथे घाबरून असं औषध फवारलं की माव्याचा तीन चतुर्थांश भाग मेला. उरले १२ दाणे. पण मित्रकीटक पानांवर उघडे फिरतात, ते जवळजवळ सगळे मेले. उरला एक.

फवारणीनंतरच्या सकाळी फड स्वच्छ दिसतो. ४८ चे १२ झाले, पैसे वसूल! आता गुणोत्तर काढा. फवारणीआधी दीड होतं, फवारणीनंतर बारा. दर फेरीला अर्ध्याने उतरायचं तर आता चोवीस फेऱ्या लागतील. मुलांना दाणे मांडू द्या. सहाव्या फेरीत २३, सातवीत ४४, आठवीत ८४, नववीत १६०, दहावीत ३०४. काहीच केलं नसतं तर आठव्या फेरीत शून्य होणार होतं, तिथे आता ८४ दाणे आहेत. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी. दुकानाचं बिल वाढत जातं आणि मित्रकीटक परत कधीच गाठू शकत नाहीत.

आता त्याच जागी दुसरा पर्याय करून पाहा. औषध असं की मावा आणि मित्र दोन्हींचा तीन चतुर्थांश भाग मेला. ज्वारी १२, हरभरे ८. गुणोत्तर दीडच राहिलं! १२-८, मग १६-१६, मग १६-३२, मग शून्य. तीन फेऱ्यांत खेळ खलास, आणि मधल्या काळात मावाही कमी.

आणि तिसरा पर्याय: पहिल्या फवारणीनंतरच्या फडात (ज्वारी १२, हरभरा १) बाहेरून पाच मित्र आणून सोडले. १२ भागिले ६ म्हणजे गुणोत्तर दोन, म्हणजे चार फेऱ्या. चोवीसच्या जागी चार. पानं तोडून दुसऱ्या फडात लावण्यामागे हाच हिशेब होता.

म्हणून "फवारायचं की नाही" एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. "या उपायाने गुणोत्तर वर जाईल की खाली?" हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला की पाठ सफल झाला असं मी समजते. इटलीचे गणितज्ञ व्हितो व्होल्टेरा यांनी १९२६ साली समुद्रातल्या शिकारी माशांचा आणि त्यांच्या भक्ष्याचा हिशेब मांडताना याच प्रकारचा निष्कर्ष काढला होता: दोघांनाही सारखाच मार बसला, तर पुढे फायदा भक्ष्याचा होतो. शिकारी आणि कीड यांची गाठ गणिताने अशी शंभर वर्षांपूर्वीच घातलेली आहे.

उसातून झाडांकडे

ऊस वर्षा-दीड वर्षात तोडला जातो. झाडांची लागवड मात्र वीस-तीस-चाळीस वर्षं उभी राहते. एकाच जातीची, एकाच वयाची हजारो झाडं एका ठिकाणी, म्हणजे किडीसाठी कायमची मांडलेली पंगत. त्यामुळे तिथलं गणित थोडं बदलतं.

केरळमधल्या निलांबूरचे सागवन १८४० च्या दशकापासूनचे आहेत. तिथे हिब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाच्या अळ्या सागाची पानं खाऊन झाडं बोडकी करतात. केरळ वन संशोधन संस्थेच्या के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मोजणी केली. त्यांना दिसलं की पूर्वमोसमी पावसाच्या सुमारास उद्रेक आधी लहान ठिपक्यांत, अर्ध्या ते दीड हेक्टरच्या तुकड्यांत सुरू होतो आणि मग मोठ्या क्षेत्रावर दिसू लागतो. झाडं सहसा मरत नाहीत, पुन्हा पालवतात. म्हणून "काही नुकसान नाही" असंच वाटतं. पण कोवळ्या सागवनांत संरक्षण दिलेल्या आणि न दिलेल्या झाडांची तुलना केल्यावर कळलं की लाकडाची होऊ शकणारी ४४ टक्के वाढ अळीने गिळली होती. मोजलं नसतं तर हे कधीच दिसलं नसतं. या प्रतिमानात "किती" इतकंच "कुठे" महत्त्वाचं आहे: पहिला ठिपका लवकर सापडला तर काम लहान.

दुसरं उदाहरण पूर्व कॅनडाचं. तिथल्या स्प्रूस आणि फरच्या जंगलांत कोंब खाणाऱ्या अळीचा उद्रेक साधारण तीस-चाळीस वर्षांनी होतो. लुडविग, जोन्स आणि हॉलिंग या तिघांनी १९७८ साली त्याचं प्रतिमान मांडलं. तिथे अळी खाणारे मुख्य मित्र म्हणजे पक्षी. पण पक्षी अळीसारखे भराभर वाढत नाहीत, आणि एका पक्ष्याचं पोट ते केवढं! जंगल तरुण आणि पाला विरळ असतो तोवर पक्षी पुरे पडतात. झाडं मोठी होऊन पाला दाटला की अळ्या इतक्या होतात की पक्ष्यांना पुरून उरतात, आणि बांध फुटल्यासारखा उद्रेक होतो. तिथे १९५० च्या दशकापासून विमानाने फवारण्या झाल्या. झाडं वाचली, पण पाला दाट राहिला, म्हणजे अळीची पंगतही मांडलेलीच राहिली.

कृती ४ : पोट भरलं की हात थांबतो

याच हॉलिंग यांनी १९५९ साली एक प्रयोग केला होता, तो आपल्या वर्गात सहज होतो. पॉलिश पेपरच्या रुपयाएवढ्या चकत्या टेबलावर पसरा. एका मुलाचे डोळे बांधा. त्याने बोटाने चाचपत चकती शोधायची, उचलून बाजूला ठेवायची, मग पुढची. वेळ एक मिनिट. आधी ५ चकत्या ठेवून, मग १०, २०, ४०, ८० ठेवून किती उचलल्या ते लिहा. सुरुवातीला चकत्या वाढल्या की उचललेल्याही वाढतात. पुढे मात्र आकडा अडखळतो, कारण शोधायला वेळ लागला नाही तरी उचलून ठेवायला लागतोच. डोळे बांधलेला मुलगा म्हणजे पक्षी. आपल्या दुसऱ्या नियमात आता काय दुरुस्ती हवी, हे मुलं स्वतःच सांगतील.

प्रतिमानाची मर्यादा

आपल्या खेळात पाऊस नाही, वारा नाही, मुंग्या नाहीत, खत नाही. मावा संपेपर्यंत उसाचं किती नुकसान झालं, हेही त्यात नाही. गुणोत्तर आधीच खूप चढं असेल, तर थांबून राहणं परवडणार नाही. म्हणून खेळ पाहून घरी जाऊन "फवारू नका" असं मुलांनी सांगायचं नाही. "पानाखाली मावा किती आणि त्याला खाणारे किती, ते आधी पाहूया का?" असं विचारायचं. निर्णय वडीलधाऱ्यांनी कृषी सहाय्यकांना विचारून घ्यायचा. फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आपल्याच भागात आहे, त्यांचा सल्ला घेता येतो.

आणि प्रत्येक किडीची फेरी वेगळी असते. हुमणीचं पाहा. वळवाचा किंवा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर बसतात. पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं, मग मादी जमिनीत अंडी घालते आणि अळ्या पुढचे काही महिने उसाची मुळं खातात. इथे एक फेरी म्हणजे अख्खं वर्ष. समजा एका मादीने ६० अंडी घातली, त्यातली ६ जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या, तर एकीच्या तीन, तिनाच्या नऊ, नवाच्या सत्तावीस. म्हणून बांधावरच्या कडुनिंबाखाली चादर अंथरून, फांद्या हलवून भुंगेरे गोळा करण्याच्या त्या मोजक्या संध्याकाळी इतक्या मोलाच्या. तिथे वर्षाचं गणित चार दिवसांत ठरतं, आणि ते ठरतं झाडावर, उसात नाही.

स्वाध्याय

१. ज्वारी ६ आणि हरभरा १ घेऊन खेळ सुरू केला, तर किती फेऱ्यांत संपेल? आधी गुणोत्तरावरून सांगा, मग कागदावर तक्ता करून तपासा.
२. मित्रकीटक दर फेरीऐवजी एक फेरी सोडून दुप्पट झाले तर काय होईल? पाच फेऱ्यांचा तक्ता करा. (सूचना: कॅनडातले पक्षी आठवा.)
३. घरच्या एका झाडाची दहा पानं उलटून पाहा. किडी किती, ढालकिडे, कोळी किंवा इतर मित्र किती? नोंद करा, हात लावू नका.
४. हुमणीच्या शंभर माद्यांपैकी अंडी घालण्यापूर्वीच ७० गोळा केल्या. उरलेल्यांच्या पुढच्या वर्षी किती होतील? काहीच केलं नसतं तर किती?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी काढलं की त्यांना विचारा, ७० गोळा केल्यावरही पुढच्या वर्षी किती उरल्या? ९०. म्हणजे शंभरातल्या सत्तर पकडूनही हुमणी जवळजवळ तेवढीच राहिली! मग किती पकडायला हव्या होत्या, आणि एकट्या शेतकऱ्याने पकडून भागेल का, की शेजारच्या बांधावरही जावं लागेल? ही चर्चा वर्गात जरूर होऊ द्या. गावाने मिळून काम का करायचं, हे नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा या एका उदाहरणातून मुलांना जास्त पटतं.

आपल्या वर्गात करून पाहा आणि तक्ते कसे आले ते नक्की कळवा.